थोरल्या मालकांच्या मिशा व माझी उरलेली मिळकत

मी, खाली सही करणार, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा पायपुसणी तयार करणे, राहणार कारखान्याच्या मागच्या गल्लीत, हे मृत्युपत्र राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून ठेवतो. राजीखुशी किती, ते पुढे कळेलच. अक्कलहुशारीबद्दल समोरच्या जिन्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वकील म्हणाले, दाताच्या डॉक्टरचा दाखला कोर्ट मानणार नाही. मी म्हणालो, गेली तीस वर्षे माझ्या मेंदूच्या सर्वांत जवळ त्यांनीच काम केले आहे, त्यांना नाही कळणार तर कोणाला कळणार.

यापूर्वी मी चार मृत्युपत्रे केली. चारही रागाच्या भरात केलेली असल्याने ती रद्दबातल समजावीत. हे पाचवे शांतपणे लिहीत आहे. मध्येच कुठे राग आला, तर तो त्या कलमापुरताच धरावा.

कलम १. घाई कशाची, याबाबत.

दीड महिन्यापूर्वी एका बाईंची नोटीस आली. बाईंचे बसस्टँडजवळ पंक्चर काढायचे दुकान आहे. नोटिशीत लिहिले आहे की आमच्या कारखान्याचे संस्थापक, ज्यांना सगळे जण थोरले मालक म्हणतात, ते त्यांचे सख्खे आजोबा. सबब अर्धा कारखाना त्यांचा.

वकिलांनी दोन वाटा दाखवल्या. पहिली, बाईंना अर्धा कारखाना देऊन टाकायचा. म्हणजे चौदा मागांतले सात गेले, बावीस कामगारांतले अकरा गेले, आणि माझी मुलगी, जिला माझ्यासकट सगळे ताई म्हणतात आणि जिने वीस वर्षे हा कारखाना ओढला, तिच्या पदरात अर्धामुर्धा संसार पडणार. दुसरी वाट म्हणजे कोर्टात उभे राहून सांगायचे की थोरले मालक नावाचा मनुष्य कधी जन्मालाच आला नव्हता.

दुसरी वाट खरी आहे. पण माझे चिरंजीव त्या न जन्मलेल्या माणसावर व्याख्याने देऊन पोट भरतात. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती ही, आणि दोन्ही मीच खणलेली आहेत.

कलम २. थोरल्या मालकांचा जन्म.

पंचावन्न वर्षांपूर्वी सायकलच्या दुकानामागे पत्र्याच्या शेडमध्ये मी दोन माग टाकले. माल चांगला होता. पण जिथे जावे तिथे एकच प्रश्न, "तुमची पेढी किती जुनी?" मी म्हणायचो, "मार्च महिन्यापासून." लोक चहा पाजून वाटेला लावायचे. शेवटी एका मोठ्या हॉटेलच्या खरेदीसाहेबांनी तेच विचारले आणि माझ्या तोंडून निघून गेले, "पंच्याहत्तर वर्षं. आमच्या थोरल्या मालकांनी सुरू केली." साहेब खूश झाले. म्हणाले, "गुरुवारी येतो बघायला. त्यांचा फोटोबिटो असेलच." तो सोमवार होता.

पेंटर (या मृत्युपत्राचे साक्षीदार क्र. १) तेव्हा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला म्हटले, एक यशस्वी उद्योजक काढून दे. तो म्हणाला, "मनाने चेहरा घडवायला मी काय ब्रह्मदेव आहे? समोर माणूस बसव." मी स्वतः बसलो असतो, पण मी सव्वीस वर्षांचा, गालफडे बसलेली. माझ्याकडे बघून कोणाला पायपुसणे घ्यावेसे वाटले नसते, फार तर दोन घास वाढावेसे वाटले असते.

नेमके त्याच सकाळी काथ्याचे गठ्ठे घेऊन आलेल्या हातगाडीवाल्याचे चाक आमच्या दारात मोडले. सायकलवाला म्हणाला, तीन दिवस लागतील. माणूस पन्नाशीचा, अंगाने रुंद, डाव्या कानाची पाळी फाटलेली, आणि तीन दिवस मोकळा. त्याला स्टुलावर बसवले. माझा लग्नातला कोट त्याला घातला. कोट होईना, तेव्हा पाठीत उभा फाडला आणि पुढून बटणे लावली. चित्रात थोरले मालक एवढे रुबाबदार दिसतात, ते पुढून बघितल्यामुळे. कोटाचा विषय सौभाग्यवतींनी आजतागायत मिटू दिलेला नाही. "संसारातली पहिली वस्तू यांनी फाडली," अशी त्या पाहुण्यांना माझी ओळख करून देतात.

अडचण एकच आली. गृहस्थ बोलायचे थांबेनात. पेंटर हात जोडून म्हणे, "मामा, तोंड मिटा हो, ओठ हाताशी लागत नाहीत." मामा म्हणत, "मला बसायची सवय नाही बाबा. पाय बांधलेस, निदान तोंड तरी मोकळं सोड." पेंटरने तीन वेळा ओठ रंगवले, तिन्ही वेळा बिनसले. बुधवारी संध्याकाळी त्याने वैतागून नाकाखाली या कानापासून त्या कानापर्यंत मिशा ओढल्या आणि तोंडाचा प्रश्न कायमचा मिटवला. खऱ्या माणसाला मिशा नव्हत्या. गुरुवारी खरेदीसाहेब आले, मिशांकडे टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "करारी माणूस." चारशे पायपुसण्यांची ऑर्डर देऊन गेले. दुपारपर्यंत चाकही दुरुस्त झाले आणि हातगाडीवाला त्याच्या वाटेने गेला.

कलम ३. थोरल्या मालकांची वचने.

भिंतीवर माणूस टांगला की तो काहीतरी बोलून गेलेला असावा लागतो. कामगार विचारायचे, "थोरले मालक काय म्हणायचे?" मी डोळे मिटायचो आणि मला सुचायचे. ऑर्डरीची घाई असली की सुचे, "चढणीला थांबू नये." माल कमी असला की, "उताराला घाई करू नये." कोणी कुरकुर केली की, "चाक कुरकुरतंय तोवर काळजी नाही, गप्प झालं की उतरून बघावं." नव्या गावात गिऱ्हाईक शोधायला माणूस निघाला की, "वाट दोघांना विचारावी." अशी एकंदर एकोणीस वचने झाली. पायपुसण्याच्या कारखान्याचा मालक सदानकदा गाडीबद्दलच का बोलतो, हे एकाही माणसाने विचारले नाही. मोठा माणूस बोलला की ऐकणारा अर्थ आपल्या पदरचा घालतो.

फक्त सातवे वचन कसे झाले ते मला नीट आठवते. अर्धगोल पायपुसण्याची सरळ कड दाराला लागते, गोल बाजू येणाऱ्याकडे. चौकोनी पायपुसणे उलटे पडले तर फिरवून टाकता येते, अर्धगोल फिरवता येत नाही. पाचशे अर्धगोलांवर "या, बसा" विणायचे होते आणि मी नमुना मागावर उलटा लावला. अक्षरे येणाऱ्याला उलटी आणि जाणाऱ्याला सुलटी. पाचशे नग होईपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही, कारण विणणारे त्यांच्या बाजूने वाचत होते. मी डोळे मिटले आणि सांगितले, "थोरले मालक म्हणायचे, जाणाऱ्यालाही या म्हणावं." दाताच्या डॉक्टरांनी पहिले पायपुसणे नेले. आजही त्यांच्याकडचा रोगी दाढ उपटून, गाल धरून बाहेर पडतो आणि पायाशी वाचतो, "या, बसा." डॉक्टरांच्या मते त्याने धंदा वाढला.

पुढे थोरले मालक माझ्या हाताबाहेर गेले. कामगारांनी अर्जात लिहिले, "थोरले मालक असते तर पगारवाढ केव्हाच झाली असती." ते असते तर काय म्हणाले असते याचा अधिकारी मी, पण सगळ्या कामगारांसमोर त्यांना कंजूष ठरवायची छाती होईना. पगार वाढवला. घरी सौभाग्यवती एकदा म्हणाल्या, "अहो, थोरले मालक जेवण झाल्यावर आपली भांडी आपणच घासायचे असं ऐकलंय मी." मी म्हणालो, "कुठं ऐकलंस?" त्या म्हणाल्या, "तुम्ही जिथं ऐकता तिथंच." त्या दिवसापासून मी भांडी घासतो आहे. यशस्वी उद्योजकांपासून मी स्वतः शिकलेला आणि रोज पाळलेला धडा एवढाच.

कलम ४. (या कलमात मेहुण्यांबद्दल लिहिले होते. ते सौभाग्यवतींनी वाचून खोडले आहे. खोडणे मला मान्य आहे.)

कलम ५. राहते घर, बँकेतली ठेव, दोन कपाटे व त्यांच्या किल्ल्या, आणि फाटलेला कोट हे सर्व सौभाग्यवतींस. कोट त्यांनी शिवून घ्यावा किंवा दाखवत राहावा, मर्जी त्यांची.

कलम ६. चिरंजीवांबाबत.

चिरंजीवांना माग कधी जमला नाही. काथ्याने त्यांच्या हाताला खाज येते आणि कामगारांनी त्यांना खाज येते. त्यांच्याकडे आवाज मात्र चांगला. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी थोरल्या मालकांच्या वचनांचे पुस्तक काढले, मुखपृष्ठावर मिशांसकट चित्र, आत एकोणीस प्रकरणे. प्रत्येक वचनाला वीस पाने अर्थ. "चाक" म्हणजे भांडवल, "चढण" म्हणजे बाजार, "कुरकुर" म्हणजे स्पर्धक. मग सभागृहे भरू लागली. लोक तिकीट काढून येतात, वहीत लिहून घेतात आणि श्रीमंत व्हायला घरी जातात. एका श्रोत्याने "चढणीला थांबू नये" मनावर घेऊन सहा महिन्यांत चार दुकाने थाटली. चारही बुडाली. तो पुन्हा व्याख्यानाला आला होता, पहिल्या रांगेत.

मी चिरंजीवांना खरे कधी सांगितले नाही. त्यांनी पाचव्या वर्षी विचारले होते, "बाबा, पणजोबा कसे होते?" मी म्हणालो, "करारी." पोराचे डोळे चमकले. नंतर सांगण्याचा मुहूर्त सापडला नाही.

कलम ७. व्यापारी संघाच्या अध्यक्षांबाबत (राग आलेला आहे, या कलमापुरता धरावा).

संघाने गेल्या वर्षी थोरल्या मालकांना मरणोत्तर जीवनगौरव दिला. जो जगला नाही त्याच्या जीवनाचा गौरव झाला, आणि जो पंचावन्न वर्षे काथ्या खात जगला त्याला तो स्वीकारायला स्टेजवर बोलावले. भाषणात अध्यक्ष म्हणाले, "थोरल्या मालकांची उंची यांना गाठता आली नसली तरी यांनी नाव राखलं." मी हसून नमस्कार केला. दुसरे काय करणार, उंची मीच ठरवली होती.

सदर जीवनगौरव, म्हणजे लाकडी पाटीवरचे पितळी चाक, अध्यक्षांना परत करावे. सोबत उरलेली एकशे त्रेचाळीस अर्धगोल पायपुसणी त्यांच्या घरी पोचवावीत. त्यांना बारा दारे असली तरी पुरून उरतील.

कलम ८. बाईंची भेट.

मागच्या मंगळवारी बाई स्वतः आल्या. वकिलांनी मला बजावले होते, "काही कबूल करू नका. फसवायला आलेली असेल. पुस्तकात नसलेलं काहीतरी विचारा, लगेच उघडी पडेल." ताई कोपऱ्यात मागाची दोरी वळत उभी होती. चिरंजीव खिडकीशी होते.

बाई पस्तिशीच्या, हाताला ग्रीस, बोलणे तुटक. ताईने चहा पुढे केला. त्या म्हणाल्या, "आधी काम. माल उतरवल्याशिवाय पाणी पिऊ नये." हे अकरावे वचन. चिरंजीव कुजबुजले, "पुस्तक पाठ करून आलीय."

मी विचारले, "तुमचे आजोबा संस्थापक होते, हे कशावरून?"

"एक गिऱ्हाईक टायर बदलायला आलं. त्याच्या पिशवीत पुस्तक होतं. त्यावर आजोबा," त्या म्हणाल्या. "मिशा खोट्या आहेत. कान खरा आहे. दोर तुटून पाळी फाटली होती त्यांची." मग त्यांनी एक जुना फोटो टेबलावर ठेवला. घरासमोर उभा असलेला माणूस, बिनमिशांचा, पाळी फाटलेली. पेंटर लबाड आहे, पण कान त्याने जसाच्या तसा काढला होता.

"घरी ते सांगायचे, एका मोठ्या कारखान्यात माझं चित्र लावलंय," बाई म्हणाल्या. "सगळे हसायचे. आजी म्हणायची, गाडी ओढून डोक्यावर परिणाम झालाय. माझे वडील त्यांना लोकांसमोर थापाड्या म्हणायचे. मरेपर्यंत तेच नाव राहिलं त्यांचं. मी पण हसायचे. आठ-नऊ वर्षांची होते, पण हसायचे. मग ते पुस्तक बघितलं. म्हटलं, हे खरे मालक होते आणि तुम्ही लोकांनी त्यांना गाडीला जुंपलं."

वकील मला कोपराने ढोसत होते. मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे पुस्तकात नसलेले काहीतरी आठवू लागलो आणि काहीच आठवेना. तेव्हा सहज विचारले, "पहिलं वचन सांगा बघू."

"कुठलं?"

"चढणीला थांबू नये."

"ते अर्धंच आहे," बाई म्हणाल्या.

चिरंजीव म्हणाले, "अर्धं कसं? वीस पानं आहेत त्यावर."

"अर्धंच. पुढचं असं आहे. चढणीला थांबू नये. थांबलास तर चाकाखाली दगड लाव. आणि दगड दुसऱ्यानं लावला असेल, तर वर पोचल्यावर त्याला विसरू नको."

हे ऐकले आणि मला ते पत्र्याचे शेड दिसले. वास आला रंगाचा. स्टुलावर बसून तो माणूस मला, मी शेजारी काथ्या पिंजत असताना, हेच सांगत होता. अगदी याच शब्दांत. मी सव्वीस वर्षांचा होतो, गुरुवार डोक्यावर होता, आणि तो मला तीन दिवस धीर देत होता. पेंटर ओरडत होता तोंड मिटा म्हणून, आणि तो मिटत नव्हता, कारण समोर एक घाबरलेले पोर बसले होते. मी वर्षानुवर्षे डोळे मिटून जी वचने "सुचवत" आलो, ती सुचत नव्हती. आठवत होती. एकोणीसपैकी अठरा त्याची. माझे स्वतःचे एकच, सातवे, आणि तेही पाचशे उलट्या पायपुसण्यांतून निघालेले.

मी मृत्युपत्र लिहायला बसलो ते बाईंना कारखान्याबाहेर ठेवण्यासाठी. त्या दिवशी मी त्यांना एवढेच म्हणालो, "आज सोमवार आहे का?" वकिलांना वाटले, मला भ्रम झाला. ताईने माझ्याकडे बघितले आणि बाईंना म्हणाली, "तुम्ही गुरुवारी या. बाबांना काहीतरी सांगायचंय आणि त्यांना ते लिहूनच जमतं."

कलम ९. जे आजवर कोणाला सांगितले नाही.

चित्र टांगल्यानंतर तो दोन वर्षे काथ्या आणत राहिला. मग मी टेम्पो लावला. त्यानंतर एकदाच तो आला, गाडी न घेता, धुतलेले कपडे घालून. पुढच्या दारात उभा राहिला. मला माडीच्या खिडकीतून दिसत होता. कारकुनाने त्याला हटकले, "माल मागच्या दाराला." तो म्हणाला, "माल नाही आणला. चित्र बघायचं होतं." कारकून म्हणाला, "मग मागच्या दाराला पण नाही."

मी खाली उतरलो नाही. माझ्यासमोर मोठे गिऱ्हाईक बसले होते, त्यांच्या डोक्यावर ते चित्र होते, आणि तो कान एकाच वेळी भिंतीवर आणि दारात दिसला असता तर पेढीची पंच्याहत्तर वर्षे तिथल्या तिथे गेली असती. मी पडदा ओढून घेतला आणि गिऱ्हाइकाला म्हणालो, ऊन फार येते. ऊन येत नव्हते. मला त्याची लाज तेव्हाही वाटली होती, आणि ती जाईल म्हणून मी पंचावन्न वर्षांतली बाकीची सगळी वर्षे थांबलो. गेली नाही.

कलम १०. वाटणी.

वरील सर्व चिरंजीवांना, ताईला आणि सौभाग्यवतींना मी काल जेवताना सांगितले. सौभाग्यवती म्हणाल्या, "मला कोटावरून माहीत होतं." चिरंजीवांनी हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाले, "बाबा, मी संपलो. हातगाडीवाल्याचं ऐकायला तिकीट काढून कोण येईल?"

मी म्हणालो, "आजवर त्याचंच ऐकायला येत होते."

त्यावर त्यांनी ताटातले संपवले आणि माझ्याआधी उठून भांडी घासायला गेले.

ताईला मी विचारले, "तुझे सात माग जातील, चालेल?" ती म्हणाली, "सात कशाला? ते मालक नव्हते, बाबा, आणि आता पुन्हा त्यांना मालक करून त्यांच्यावर खोटं लादू नका. पण तुम्ही त्यांना मागच्या दाराचं कारण सांगून हाकललंत ना? मग मागचं दार तिला द्या." मला माझ्या हिशेबाने हेच सुचायला तीन दिवस लागले असते. तिला हात पुसता पुसता सुचले. सबब ठरले ते असे.

कारखाना, चौदा माग, इमारत आणि नाव हे ताईस. त्यातला पाव हिस्सा पंक्चरवाल्या बाईंना, त्यांच्या आजोबांनी लावलेल्या दगडाबद्दल. त्याशिवाय मागचे दार, दारामागचे गोदाम आणि त्याची रस्त्याकडची बाजू कायमची बाईंची. तिथे त्यांनी दुकान टाकावे. कोर्टात जायचे असेल तर त्यांनी खुशाल जावे, हे मृत्युपत्र मी त्यांच्याच बाजूने साक्ष म्हणून देत आहे. वकिलांनी या वाक्यावर आक्षेप घेतला आहे. आक्षेप नोंदवला.

यापुढे काथ्या आणणाऱ्या प्रत्येक माणसाला पुढच्या दाराने आत घ्यावे आणि माल उतरल्यावर पाणी द्यावे.

चिरंजीवांना अठरा वचनांचे उरलेले अर्धे भाग. ते बाईंकडून विचारून घ्यावेत, नम्रपणे, आणि त्यांना वेळ असेल तेव्हा. पुस्तकाची पुढची आवृत्ती काढायची तर पहिल्या पानावर असे छापावे: "ही शिकवण एका हातगाडीवाल्याची. तो श्रीमंत झाला नाही. त्याचे ऐकून दुसरा झाला." हे छापायची हिंमत झाली नाही तर पुस्तक बंद करावे. खाजेवर मलम ताईकडे मिळेल, मागावर जागा आहे.

पेंटरला काही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकील म्हणाले, तेव्हाच त्याला साक्षीदार करायचे ठरवले.

कलम ११. थोरल्या मालकांची पंच्याहत्तर वर्षे या क्षणापासून मागे घेत आहे. पेढी पंचावन्न वर्षांची आहे. दारावरची पाटी बदलावी.

कलम १२. हे मृत्युपत्र माझ्या मरणानंतर वाचण्याची पद्धत आहे हे मला ठाऊक आहे. तरी आज सही झाल्याबरोबर एक प्रत बाईंना द्यावी. त्या खाली पुढच्या दारात उभ्या आहेत, मला खिडकीतून दिसतात. या वेळी मी स्वतः उतरून त्यांना वर आणणार आहे. जिना उतरायला मला वेळ लागतो, तोवर पेंटरने त्याचे काम सुरू करावे. चित्र भिंतीवरच राहील. मिशा तेवढ्या काढून टाकाव्यात. त्या माझ्या होत्या, त्याच्या नव्हत्या, आणि त्यांची विल्हेवाट लावायचा मला पूर्ण अधिकार आहे.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, सौभाग्यवतींनीही वाचून पाहिले.

स्थळ: कारखान्याची माडी, पडदा काढलेल्या खिडकीशी.
वार: गुरुवार, सकाळचे साडेअकरा.

सही: पायपुसणेवाले, लिहून ठेवणार.

साक्षीदार क्र. २: दाताचे डॉक्टर. लिहून ठेवणाऱ्याची बुद्धी व खालचे चार दात शाबूत असल्याचे पाहिले. सही.

साक्षीदार क्र. १: पेंटर. सही, व वकिलांनी नको म्हटले तरी पुढील शेरा:

मालकांनी आमच्यासमोर सही केली, मग ते खाली गेले. मी मिशा खरवडायला घेतल्या. रंग पाट्यांचा, स्वस्तातला होता, पापुद्र्याने सुटला. मिशांखालचे ओठ मी तेव्हा तीनदा काढले होते ते तसेच निघाले. तोंड उघडे आहे. मी चुकीचे समजून झाकले होते, पण चांगले जमले होते. तेवढ्यात मालक बाईंना घेऊन वर आले. बाई चित्रापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी विचारले, ओठ मिटवून देऊ का, दहा मिनिटांचे काम आहे. त्या म्हणाल्या, नको, असू दे, ते असेच असायचे. मग त्यांनी चहा घेतला.